मामीचा दुसरा ठोका

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझ्या मामेभावानं, म्हणजे दादानं, हे मला सांगितलं, आणि दादा थापा मारणाऱ्यांतला नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे तीन. लख्ख उजेड होता.

मामी जाऊन आठ महिने झाले होते. मामांचं घर विकलं होतं आणि संध्याकाळी चावी देऊन मामा दादाकडे राहायला जाणार होते.

मामा घड्याळं दुरुस्त करायचे. दिवस त्यात जायचा आणि उरलेला जीव शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डींत. घरात तीनशे होत्या. दादाच्या घरी एकच फळी रिकामी, चाळीस मावतील एवढी.

"चाळीस निवडा बाबा. बाकीच्या दुकानदार नेईल," दादा म्हणाला.

"मी कसा निवडू? मी कधी निवडल्याच नाहीत रे."

खरंच होतं ते. दुकानदार ओळखीचा. एखाद्या शनिवारी एकाच रागाच्या दोन रेकॉर्डी घरी आणायच्या, सोमवारी नको ती परत करायची. रविवारी तीनला मामा दोन्ही लावायचे. मामी स्वयंपाकघरात. मग मामा ओरडून विचारायचे, "पहिली की दुसरी?"

मामी पळीनं ओट्यावर ठोका द्यायची. पहिली आवडली तर एक. दुसरी आवडली तर दोन.

पण मामीचा कारभार सावकाश. एक ठोका देऊन विचार करत बसायची, मग दुसरा. तोवर मामांनी पहिली कपाटात घातलेलीसुद्धा असायची.

"अहो, थांबा की जरा. माझं व्हायचंय अजून."

चाळीस वर्षं हेच भांडण.

त्या दुपारीही मामांनी दोन रेकॉर्डी काढून लावल्या. आणि सवयीनं बोलून गेले, "पहिली की दुसरी?"

आता बाबा रडणार, असं दादाला वाटलं.

तेवढ्यात...

ठक्.

दादा आत धावला. स्वयंपाकघर रिकामं. भांडी सकाळीच टेम्पोतून गेलेली. पळीही गेलेली. नळ बंद, खिडकी बंद. ओट्यावर नुसती धूळ.

तो बाहेर आला तर मामा पहिली रेकॉर्ड खोक्यात ठेवत होते. आठ महिन्यांत प्रथमच ते हसत होते.

दादानं पुढची जोडी काढून त्यांच्या हातात दिली.

मग एकेक जोडी. थोडंथोडं वाजवायचं, विचारायचं...

कधी एक ठोका. कधी दोन.

सहा वाजता खोकं भरलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"हे बघ," ते हळूच म्हणाले, "माझ्याबरोबर येणार असशील तर एक दे. इथंच राहायचं असेल तर दोन."

काहीच आवाज नाही. दादाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता...

ठक्.

"येते म्हणाली," मामा म्हणाले. प्लेअर छातीशी धरून लगबगीनं निघालेसुद्धा. नेहमीसारखेच, न थांबता. जिन्यावर त्यांची पावलं वाजायला लागली.

दादा खोकं उचलायला वाकला.

आणि आतून...

ठक्.

दुसरा.

दादानं खोकं सोडून आत बघितलं. "आई, असं नको गं करू," तो म्हणाला.

खाली गेल्यावर त्यानं मामांना काही सांगितलं नाही.

दादाच्या घरी पहिल्या रविवारी मामांनी तीन वाजता रेकॉर्डी लावल्या. विचारलं. वाट पाहिली. काही नाही.

पुढच्या रविवारी तेच. मामांचं जेवणावरचं मन उडालं. दादाला बघवेना.

तिसऱ्या रविवारी तो स्वतःच ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. बाहेरून प्रश्न आला तशी त्यानं पळी उचलली आणि पटकन दोन ठोके दिले.

बाहेर प्लेअर बंद झाला.

मग मामांचा आवाज आला. "दुसरा जरा थांबून दे रे बाळा. ती थांबून द्यायची."

दादा पळी हातात धरून तिथंच रडला.

आता दर रविवारी तो थांबून ठोका देतो.

पण एक गोष्ट दादाला अजून छळते. त्या संध्याकाळी आतून दुसरा ठोका पडला, तेव्हा मामा जिन्यात कुठवर पोचले होते, ते त्याला आठवत नाही.

ठोक्यासरशी पावलं थांबली होती, एवढं मात्र पक्कं आठवतं.