आकडे तुझे, माणूस माझं

बाबांचं रक्त मी स्वतः काढलं. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेची मी प्रमुख. सुई घेऊन वॉर्डात जाणं माझं काम नव्हे. पण बाप आपला होता.

अर्ध्या गावाला मोटार चालवायला शिकवलेला माणूस. शिकाऊनं गाडी खांबाला ठोकली, तर "खांबाला लागलं का ते आधी बघ" म्हणणारा. आता मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. शेजारच्या खुर्चीत आई त्यांचा तो गार उजवा हात धरून बसली होती.

सीआरपी शंभराच्या वर आला. शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं हे प्रथिन. एरवी पाचच्या आत असतं. अशा झटक्यानंतर ते इतकं चढलं, तर माणूस पहिल्यासारखा होण्याची आशा कमी धरतात. मी आईला जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं.

"आकडे तुझे, माणूस माझं," आई म्हणाली. "मी इथून हलत नाही."

दुसऱ्या दिवशी आकडा निम्म्याच्या खाली आला. त्याच्या पुढच्या सकाळी तो निरोगी माणसाचा होता. इतक्या झपाट्यानं तो उतरत नाही. मी नमुना दुसऱ्या यंत्रावर लावला, मग बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तेच. बाबांची बोटं हलू लागली.

मेंदूचे डॉक्टर हसले. "मॅडम, चांगल्या बातमीची उलटतपासणी कशाला?"

कारण आईकडे बघवत नव्हतं. चेहरा लालबुंद, आणि थर्मामीटरवर ताप नाही. पाणी पिताना ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळायचं, तिला पत्ताच नसायचा.

"आई, बाही वर कर."

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणत तिनं डावा हात पुढे केला. उजव्यानं बाबांना सोडलं नाही.

तिचा आकडा बाबांच्या पहिल्या आकड्याइतकाच निघाला. दशांशासकट.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणाले. दोघांचं रक्त पुन्हा काढलं, नळ्यांवर नावं स्वतः चिकटवली, निकाल येईपर्यंत यंत्रापाशी उभी राहिले. काही बदललं नाही. आईला जंतुसंसर्ग नव्हता, कुठं गाठ नव्हती, दुखापत नव्हती.

मी तिला ओढूनच घरी नेलं आणि झोपवलं. दुपारपर्यंत तिचा चेहरा निवला. मग वॉर्डातून फोन आला. बाबांची बोटं पुन्हा निपचित पडली होती.

मी काही सांगायच्या आत आई चपला घालत होती.

"तुला माहीत होतं?"

"हात धरला की अंगात काहीतरी ऊन ऊन चढतं. मग त्यांचा श्वास मोकळा होतो. मला तेवढं पुरे."

"अशानं तू जाशील."

"मी काही लेचीपेची नाही."

"मीही तुझीच मुलगी आहे. निम्मा दिवस तू, निम्मा मी. दोघींत वाटून घेतलं तर कुणीच जाणार नाही. आज मी बसणार."

"तुझं अजून सगळं व्हायचंय गं!"

"आई, माणूस माझंही आहे."

तिनं दाराचं कुलूप उचललं.

वॉर्डात खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. मी खुर्चीत बसले, बाबांचा हात हातात घेतला. आई समोर स्टुलावर, डोळ्यांत तेल घालून.

आधी काहीच नाही. मग तळव्यात ऊब. मग मनगटात, कोपरात, मानेत.

बाबांची बोटं माझ्या बोटांवर मिटली.

पकड घट्ट झाली. तपासायची सवय म्हणून मी हात जरा मागे घेऊन पाहिला. तो निघाला नाही. मीही पुन्हा प्रयत्न केला नाही. बसायचं ठरवलं होतं, बसले.

बाबांनी डोळे उघडले.

"ठमे," ते म्हणाले. माझं लहानपणचं नाव. स्वच्छ, खणखणीत. "बस."

आईनं तोंडावर पदर धरला. ती रडत होती, हसत होती.

"बसलेय बाबा," मी म्हणाले.

आईचं हसू थांबलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"काय म्हणालीस?"

मी तेच शब्द पुन्हा म्हणाले. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"काय?" आईनं विचारलं.