रिकामा डबा परत देत नाहीत

वीणा आगटे हिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यासाठी तिच्याकडे वेळही नव्हता. कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात ती क्ष-किरणांनी स्फटिकांचे फोटो काढायची आणि फोटोतल्या ठिपक्यांवरून आतली रचना शोधायची. ठिपका दिसला की त्याला कारण असणारच, एवढा साधा तिचा धर्म होता. पुण्याच्या मुलीनं इतक्या लांब एकटीनं राहावं हे १९५९ साली घरच्यांच्या पचनी पडलं नव्हतंच. निरोप देताना आईनं जे डोळे पुसायला घेतले ते अजून पुसतेच आहे, असं भाऊ कळवायचा. वीणाला मात्र आपण अगदी मजेत आहोत असं वाटायचं. निदान नाताळची सुट्टी लागेपर्यंत तरी वाटायचं.

सुट्टी लागली आणि सगळं शहर आपापल्या घरात शिरून दार लावून बसलं. तिच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं. घरमालकीण बहिणीकडे निघून गेली. खोलीत स्टोव्हचा आवाज आणि आपण, एवढंच उरलं तेव्हा वीणाला पहिल्यांदा जाणवलं की चार दिवसांत आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही. नेमके त्याच दुपारी श्यामकांत टिळेकर आले.

टिळेकर रसायन विभागात होते, मूळचे साताऱ्याचे. बायको सुधा दोन वर्षांपूर्वी गेली. मग दहा वर्षांच्या मुलीला, उल्काला, त्यांनी इकडे आणलं आणि यंदा ब्लॅक फॉरेस्टमधल्या मुलींच्या निवासी शाळेत ठेवलं.

"वीणाताई, एक विनंती होती," टोपी हातात फिरवत ते म्हणाले. "नाताळात शाळेत कुणी नसतं. उल्का एकटी आहे. माझी प्रयोगाची भट्टी पेटलेली आहे, ती नव्या वर्षापर्यंत विझवता येत नाही. तुम्ही जाल का तिच्याजवळ?"

"भट्टीवर दुसरं कुणी बसणार नाही का?"

टिळेकर खिडकीकडे वळले. "बसेल. पण ती समोर आली की सुधाच दिसते हो. मला तोंडातून शब्द काढता येत नाही."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? वीणानं पिशवी भरली. आपण उपकार करतोय असा चेहरा तिनं ठेवला होता, पण मनातून तिला हायसं वाटलं होतं.

टानेनबाखची ती शाळा कैसरच्या जमान्यात कुठल्याशा सरदाराच्या विधवेनं बांधली होती. लाल दगडाची इमारत, एका टोकाला मनोरा, आणि आत नुसते लांबच लांब व्हरांडे. कोट अडकवायच्या खुंट्या ओळीनं रिकाम्या. शयनगृहात पांढऱ्या लोखंडी खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि अगदी शेवटची तेवढी एक अंथरलेली. मेणाचा, ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या कोबीचा वास सगळीकडे भरून राहिला होता.

उल्का त्या शेवटच्या खाटेवर बसून होती. सावळी, लुकडी, दोन वेण्या. वीणानं मराठीत विचारलं, "ओळखलंस का मला? गणपतीला भेटलो होतो." उल्कानं जर्मनमध्ये उत्तर दिलं, "हो, मावशी." इथली मुलं अशीच, समजतं सगळं आणि उत्तर जर्मनमध्ये, असं वीणानं स्वतःला समजावलं.

तेवढ्यात तिला उशाशी ठेवलेला डबा दिसला. पत्र्याचा, लाल, झाकणावर बर्फात घसरणाऱ्या मुलींचं चित्र. चित्रातल्या चेहऱ्यांचा रंग बोटांनी घासून घासून पार गेलेला होता.

"छान आहे. कुणी दिला?"

"आडेलहाइडनं. माझी मैत्रीण आहे."

"घरी गेली वाटतं सुट्टीला?"

"नाही," उल्का म्हणाली. "तिला न्यायला कुणी आलं नाही."

संध्याकाळच्या जेवणाला टेबलाशी तिघीच होत्या: वीणा, उल्का आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या फ्राउ ब्यूलर. आडेलहाइडची खुर्ची कुठंच नव्हती. वीणानं त्यावर फार विचार केला नाही. एकट्या पोरी मनातल्या मनात मैत्रिणी करतात. ती स्वतःही लहानपणी केळीच्या झाडाशी तासन्‌तास बोलायची.

दुसऱ्या दिवशी बर्फातून फिरताना उल्कानं सगळं सांगितलं. निकोलाउसच्या दिवशी, म्हणजे डिसेंबरच्या सहा तारखेला, मुली दाराबाहेर बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. शाळेत नव्या आलेल्या मुलीला आणखी एक गंमत मिळते. मनोऱ्याच्या जिन्यावर तिच्यासाठी लाल डबा ठेवलेला असतो आणि त्यात मसाल्याचा केक असतो. मुली केक खातात, डबा तिथंच टाकून पळतात. जिन्यात फार थंडी असते ना.

"पण मी नाही टाकला. आई म्हणायची, आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. मी त्यात शंकरपाळे घातले. आत्यानं पाठवलेले."

वीणाला हसू आलं. तिच्याही घरी हेच. शेजारून वाटी आली की जाताना तिच्यात काहीतरी घालायचंच. काही नसेल तर चिमूटभर साखर. साता समुद्रापलीकडे येऊन पोरीनं घरची रीत पाळली म्हणून तिला भरूनही आलं.

"मग?"

"मग डबा पुन्हा आला. सफरचंद होतं. मी बांगडी घातली. मग मखमलीची फीत आली. मग मी..."

उल्काची दोन्ही मनगटं मोकळी होती. वीणाला ते आत्ताच दिसलं.

दुपारी तिनं फ्राउ ब्यूलरना गाठलं. हा ठिपका तरी नक्की कुणाचा हे तिला ठाऊक होतं. बाई बटाटे सोलत होत्या, रेडिओवर नाताळची गाणी चालू होती.

"डब्यात रोज खाऊ घालता, फार छान करता तुम्ही," वीणा म्हणाली.

"छे हो, फ्रॉइलाइन आगटे, रोज नाही. मी निकोलाउसला एकदा केक ठेवते. माझ्या आधीची बाईही ठेवायची, तिच्या आधीचीही. संध्याकाळी रिकामा डबा आणून कपाटात ठेवायचा, तो पुढच्या वर्षीपर्यंत." बाईंची सुरी थांबली. "या वर्षी गेले तर तो रिकामा नव्हता. माझ्या काळात कधी कुणी त्यात काही घातलं नव्हतं हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"होता तिथंच ठेवला. तेव्हापासून मी त्या जिन्याकडे जात नाही."

त्यांनी रेडिओ मोठा केला.

वीणानं मनातल्या मनात कारणं मांडून पाहिली. माळी असेल. गावातलं कुणी दयाळू असेल. उल्का स्वतःच असेल. शेवटचं कारण सगळ्यात बरं होतं, म्हणून तिनं तेच धरून ठेवलं.

पण पोर बदलत चालली होती. एकदा वेणी घालून घेताना ती आपणहून बोलायला लागली. "आमच्याकडे घसरगाडी होती. घोड्याच्या गळ्यात घंटा होत्या. बाबा म्हणाले, बर्फ पडला की न्यायला येतो."

"कुठले बाबा? तुझे बाबा तर सायकलवरून पडतात."

उल्का हसली नाही. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. "हो की," ती म्हणाली. "सायकल."

वीणानं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आई झोपवताना कुठली अंगाई म्हणायची गं? मला म्हणून दाखव."

"ती नाही आता माझ्याकडे. डब्यात घातली."

"म्हणजे?"

"झाकण उघडलं, आत तोंड घालून म्हटली आणि पटकन झाकण लावलं. बदल्यात आडेलहाइडनं तिची घसरगाडी दिली." उल्का अगदी शांतपणे सांगत होती. "आधी आईच्या साडीचा वास घातला होता. तोही नाही आता."

वीणाच्या हातातून वेणी सुटली.

नाताळच्या आदल्या दुपारी डबा पुन्हा उशाशी होता. उल्का त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती, परीक्षेचा पेपर सुटत नसावा तशी.

"काय झालं?"

"आता घालायला काही उरलं नाही. फक्त आईचा चेहरा आहे."

"उल्का, नाही. तो अजिबात घालायचा नाही." वीणाचा आवाज तिलाच परका वाटला. "आज डबा रिकामा जाईल. कळलं?"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "रिकामा? सगळ्यांनी तिला रिकामाच दिला, मावशी. इतकी वर्षं. मी पण तसंच केलं तर ती पुन्हा येणार नाही. मग माझ्याकडे कोण येईल?"

चार दिवस कुणाशी न बोललेल्या बाईनं काय उत्तर द्यायचं? तिनं उल्काला जवळ घेतलं, मग डबा उचलला. "मी देऊन येते," ती म्हणाली.

जिना दगडी होता, गोल वळत वर जाणारा. भिंतीतल्या फटीतून मावळतीचा करडा उजेड येत होता. श्वासाची वाफ दिसत होती.

डबा खाली ठेवायचा आणि परतायचं, एवढंच तर काम होतं.

तिनं डबा ठेवला. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. रिकामा डबा. आई काय म्हणेल? हसू येण्यासारखीच गोष्ट होती, पण तिला हसू येईना.

आणि पोरीची अंगाई तिथं वर होती.

ती परत चढली. खिसे चाचपले; किल्ली होती, रुमाल होता. असल्या सौद्याला ते चालणार नाही, हे तिला आतून कळत होतं.

तिनं झाकण उघडलं. आत जुन्या पत्र्याचा वास होता, आणि किंचित शंकरपाळ्यांचा.

संध्याकाळी खेळून परत यायला उशीर झाला की आई गॅलरीतून 'विनू' म्हणून हाक मारायची. आधी दटावणारी, शेवटी लांबवलेली, सगळी आळी ओळखायची अशी हाक. वीणा वाकली आणि तिनं ती हाक डब्यात मारली. हुबेहूब.

"आता पोरीचं पोरीला परत दे," असं म्हणून तिनं झाकण लावलं.

वरच्या वळणावर कापड सळसळल्यासारखं झालं. तिनं वर पाहिलं नाही.

सकाळी शयनगृहात कुणीतरी गुणगुणत होतं. उल्का गादी झटकत होती आणि मराठीत, सातारी हेल काढून, आईची अंगाई म्हणत होती. उशाशी डबा नव्हता.

"मावशी, मला आईच्या साडीचा वास आला, खरंच!" ती म्हणाली. वीणाचा जीव भांड्यात पडला. तिनं पोरीला पोटाशी धरलं आणि दोघी मनसोक्त रडल्या.

त्याच दुपारी तिनं गावातून टिळेकरांना फोन केला आणि चांगलंच फैलावर घेतलं. ते भट्टी दुसऱ्याच्या हवाली करून तसेच निघून आले, कोटावर काजळीचे डाग घेऊन. उल्कानं त्यांना अंगाई म्हणून दाखवली. ते खाटेच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "ही आता माझ्याजवळच राहील," ते म्हणाले. पुन्हा त्या शाळेत त्यांनी तिला पाठवलं नाही.

निघताना वीणानं मनोऱ्याकडे पाहिलं. फटीत काहीच दिसलं नाही. आडेलहाइड नावाच्या मुलीची चौकशी तिनं कुणाकडेही केली नाही.

कार्ल्सरूहेला परतल्यावर काही दिवस बरे गेले. प्रयोगशाळा अजून उघडली नव्हती, घरमालकीण आली नव्हती. एका संध्याकाळी खिडकीशी बसून वीणाला घराची आठवण आली. गॅलरी आठवली, कठड्याला टेकलेली आई आठवली. आईचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. भावाचा आवाज आठवला, शाळेतल्या बाईंचाही आठवला. आईच्या जागी नुसती शांतता होती. आपण हे आपल्या हातानं दिलं आणि दिल्याचा पश्चात्ताप नाही, असं तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. मग ती ढसाढसा रडली.

अंधारून आलं. घरात दुसरं कुणीही नव्हतं.

तेव्हा खालून, जिन्यातून, कुणीतरी तिला हाक मारली. आधी दटावणारी, शेवटी लांबवलेली.

"विनू... चल गं, पान वाढलंय..."

हा आवाज आईचाच होता का? ताडून पाहायला तिच्याकडे आता काहीच नव्हतं.

तिनं दार उघडलं. उंबऱ्याशी लाल डबा होता, झाकणावर ताजा बर्फ. हातात घेतला तर चांगला जड होता.

"आले," वीणा म्हणाली. किती महिन्यांनी कुणीतरी तिला बोलावलं होतं.

मग डबा पोटाशी धरून ती खोलीत वळली आणि त्यात परत काय घालता येईल ते शोधू लागली.