दलालाचं उपरणं

मी हात पुढं केला आणि जवळा बाजारचा अख्खा कापूस-बाजार गप्प झाला.

हात काही वाईट नव्हता माझा. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, तळहात मात्र कष्टाचा. पण कापसाच्या सौद्यात बाईनं हात पुढं करायचा नसतो, हे तिथल्या बैलांनासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. पण बाबा, म्हणजे शिरड शहापूरचे उकंडराव, तापानं अंथरुणाला खिळलेले. आई केव्हाच गेलेली, पाठीला भाऊ नाही. गाडीतला कापूस थांबायला तयार होता, मी नव्हते. आमचा म्हातारा सालगडी दगडोबा गाडी हाकायला बसला आणि मालकीण म्हणून मी निघाले.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. तेव्हा कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल खांद्यावरचं उपरणं पसरायचा, त्याच्याखाली एकेका व्यापाऱ्याचा हात धरायचा. दाबलेली बोटं म्हणजे भाव. शेवटी माल विकणाऱ्याचा हात धरून दलाल आपल्या मनाचा, बहुधा कमीच भाव दाबायचा की झाला सौदा. कोण किती बोललं, हे शेजारच्याला कळायचं नाही. विकणाऱ्याला तर मुळीच नाही.

त्या दिवशीचे दलाल होते व्यंकटराव, पुनमचंद शेटच्या आडतीवरचे. तरणे, उंच, आणि डाव्या भुवईवर कापसाचा एक तंतू अडकलेला... तो फुंकून टाकावा असं मला वाटलं. मग माझाच मला राग आला.

ते माझ्या हाताकडं बघत उभे राहिले.

“बाई... घरचं कुणी माणूस?”

“मी माणूस न्हाई का?”

लोक हसले. ते हसले नाहीत, कानापर्यंत लाल झाले. उपरणं पसरलं, परत गोळा केलं, परत पसरलं. परक्या पोरीचा हात कापडाखाली धरावा कसा, आणि नाही धरला तर सौदा व्हावा कसा? शेवटी त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि शेटनं बोटांवर दिलेला भाव तोंडानं बोलून टाकला. भर बाजारात, खणखणीत.

झालं. सकाळपासून ज्यांनी त्याच आडतीवर कापूस घातला होता ते सगळे गोळा झाले. तोच कापूस, तोच शेट, मग आमाला कमी काहून, असं जो तो विचारू लागला. शेट गादीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. त्या गोंधळात मी माझा सौदा पुरा करून घेतला आणि गाडीत चढले.

“अक्का, तुमी बाजार पेटवला,” दगडोबा म्हणाला.

मी म्हटलं, मी फक्त हात पुढं केला. पण सांगते, गाव येईपर्यंत मी मागं वळून पाहत होते, आणि मागं काही नव्हतं. नुसती धूळ.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या गावच्या आठवडी बाजारात, भाजीवाल्यांच्या पलीकडं कडुलिंबाखाली एक पोतं अंथरलेलं दिसलं. पोत्यावर पुस्तकं. पुस्तकांमागं दलाल.

“शेटनं हाकललं वाटतं?” मी विचारलं.

नाही म्हणाले. उलट शेटनं समजूत घातली होती – झालं ते झालं, पुढच्या हंगामात आडतीत भागी देतो. यांनीच हात जोडले आणि बाहेर पडले.

“सोमवारी औंढ्याला नागनाथापुढं हात जोडायचो,” ते म्हणाले, “आन मंगळवारी तेच हात उपरण्याखाली. त्या दिवशी तोंडानं बोललो तवा पहिल्यांदा वाटलं, देवानं पाहिलं तरी चालंल असं काम झालं. मग परत कापडाखाली हातच जाईना.”

“पण पुस्तकंच काहून?”

“जे हाय ते उघडं छापलेलं असतंय. गिऱ्हाईकानं वाचून बघावं, मग घ्यावं.”

“बराबर. मग मी आधी वाचते. पटलं तर घेते.”

त्यांनी डोकं खाजवलं आणि हो म्हणाले. हा कायदा माझ्यापुरताच होता, हे मला पुढं कळलं. बाकीच्यांना दोन पानांच्या वर चाळू देत नसत.

माझं शिक्षण म्हणाल तर पंतोजीकडं दोन पावसाळे. जोडाक्षर आलं की मी चिखलात बसलेल्या बैलासारखी बसायचे. पण उठायचे, हेही खरं. गोष्टींची पुस्तकं मी त्यांच्याकडून कधी नेली नाहीत. खोट्या राजकन्येचं रडणं वाचायला मला वेळ नव्हता. मला खरं पाहिजे होतं.

पहिलं नेलं ते गुरांच्या औषधांचं. परत देताना म्हटलं, पुस्तक चांगलंय, पण बैलाला तेल पाजा म्हणून सांगणाऱ्यानं स्वतः कधी बैलाचा जबडा धरलेला दिसत नाही. आमच्या दगडोबाचं बोट सुजलंय. ते इतके हसले की भाजीवाली वळून बघू लागली.

मग हिमालयात पायी गेलेल्या एका गृहस्थाचं. चार महिने बर्फात चालला, पण जेवण कोण रांधत होतं याचा पत्ता नाही. मी म्हटलं, ह्याच्या मागं कुणीतरी पातेलं डोक्यावर घेऊन चाललं असणार, आणि त्याचं नाव ह्यानं गाळलंय.

मग माणसाच्या शरीराचं. ते परत देताना माझी जीभ थोडी अडखळली... पण थोडीच.

“काळीज डाव्या अंगाला असतंय आन मुठीएवढं, असं लिहिलंय.”

“मग?”

“बाकी सगळं बराबर हाय. पण बाजाराच्या दिवशी ते जास्त काहून धडधडतं, ते न्हाई लिहिलं.”

ते पुस्तकाची धूळ झटकायला लागले. पुस्तक नवं होतं, धूळ नव्हतीच.

“दुसऱ्या भागात असंल,” ते हळूच म्हणाले.

“आणा मग दुसरा भाग.”

त्यांनी मान वर केली. लिंबाचा मोहर त्यांच्या टोपीवर, खांद्यावर, पुस्तकांवर गळत होता... आणि आम्ही दोघं पुस्तकांच्या किमतीबद्दल काहीतरी बडबडत राहिलो, जे दोघांपैकी कुणीही ऐकलं नाही.

घरी मात्र वारं वेगळं होतं. बाजारात भेटून-बोलून बाबांना माणूस पसंत पडला होता, धंदा नव्हता. हातचं सोडून देवाच्या नादी लागलेल्याला पाव्हणा म्हणून जेवू घालावं, जावई करू नये, असं त्यांचं म्हणणं. कनेरगाव नाक्याकडचं एक स्थळ आलं होतं. काळी जमीन, दोन विहिरी, मुलगा शांत. पुढल्या आठवड्यात बघायला येणार होते. एकदा पाव्हण्यांनी होकार दिला की बाबा शब्द मोडणार नव्हते. आणि इकडं लिंबाखालचा माणूस काही विचारायला तयार नव्हता. त्याच्यात धीर नाही की मन नाही, हे मला कळेना, आणि कळेना म्हणून झोप येईना.

त्या आठवड्यात मी एका साधूचं चरित्र वाचत होते. चांगली सरकारी नोकरी सोडून देवाच्या वाटेला लागलेला माणूस. बाजाराच्या दिवशी ते पुस्तक मी पोत्यावर ठेवलं नाही, जवळजवळ आपटलं.

“पटलं न्हाई?” त्यांनी विचारलं.

“ह्याची बायको कुठं गेली?”

“कोणती?”

“ह्या साधूची. एवढं जाड पुस्तक, आन तिच्या वाट्याला चार ओळी. नवरा निघाला, ती रडली, विषय बंद. दुसऱ्या दिवशी तिनं चूल कशावर पेटवली?”

ते एकावर एक पुस्तकं रचत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “ते ठाऊक हाय, म्हणूनच मी कुणाला विचारलं न्हाई. दलाली सोडायचा नेम माझा. त्याची तकलीफ दुसऱ्याच्या लेकीला काहून?”

म्हणजे मन होतं... आणि धीरही होता, नुसता उलट्या बाजूला लावलेला. मी पोत्यावरचं ते चरित्र परत उचललं.

“तिथंच तर त्या साधूचं चुकलं,” मी म्हटलं. “तिला विचारलंच न्हाई. येती का, असं एकदा विचारलं असतं तर काय ठाऊक, बाई त्याच्या पुढं चालली असती. तुमी तरी विचारा.”

“आन न्हाई म्हणाली तर?”

“तर तोंडावर न्हाई म्हणंल. तिची जीभ तुमाला ठाऊक हाय.”

ते उठून उभे राहिले. धोतराला लागलेली माती झटकली.

“मनकर्णाबाई... येता का?”

“येते,” मी म्हटलं. “पण आधी बाबाला विचारा. आजच. पुढच्या बाजारापर्यंत मी कनेरगावची झालेली असंन.”

त्यांनी पुस्तकं पेटीत कशी कोंबली, काय सांगू. हिमालयवाला उताणा, गुरांची औषधं त्याच्या छातीवर. पेटी दगडोबानं बाजाराला आणलेल्या आमच्या गाडीत टाकली आणि ते गाडीशेजारून चालत घरी आले. गाडीत बसा म्हटलं तर बसेनात. लोक काय म्हणतील, म्हणे. गावानं तेवढं सगळं डोळे भरून पाहिलं.

बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. व्यंकटराव उभ्यानंच बोलले. दलाली सोडली ती परत धरणार नाही, हे आधी सांगितलं. वाटणीची चार एकर जमीन आहे ती कसीन, बाजारात पुस्तकं विकीन, चैन व्हायची नाही पण उपासही घडू देणार नाही, हे मग सांगितलं. आणि शेवटी मला मागितलं. एवढा वेळ बाबांचा अडकित्ता थांबलेला.

“आडतीत भागी देत होते न्हवं शेट तुमाला?”

“व्हय.”

“आन पुढल्या हंगामात ती धरीन असं खोटंच सांगून मागणी घातली असती, तर चाललं असतं की.”

“मला न्हाई चाललं असतं.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी दाराच्या चौकटीकडं पाहिलं.

“आन हिचं म्हणणं काय?”

व्यंकटरावांनी घसा साफ केला. “ह्यांनीच मला विचारायला लावलं, मामा.”

मी तेवढ्यात गोठ्यातल्या म्हशीला हाक मारली, काम आठवलं म्हणून. मागून बाबांचं हसू ऐकू आलं. तापातून उठल्यापासून ते असे हसले नव्हते.

“मग मला काहून विचारून राहिले?” ते म्हणाले. “कनेरगावला उद्या दगडोबा निरोप घेऊन जाईल. तुमी हातपाय धुवा, जेवायला बसा.”

मी चुलीपुढं बसले. परातीत पीठ घेतलं, पाणी जास्त झालं. परत पीठ घेतलं, ते जास्त झालं. पंचक्रोशीत माझ्यासारखी भाकरी कुणाची होत नाही, हे मी नव्हे, लोक म्हणतात. पण त्या दिवशी भाकरी तव्यावर टाकली आणि ओसरीवरून त्यांचं बोलणं कानावर येत राहिलं... आणि भाकरी करपली. एका अंगानं पार कोळसा.

दुसरी करायला वेळ नव्हता. तीच ताटात गेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सगळी खाल्ली. वर आणखी एक मागितली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढं खरं बोलणारा माणूस, पण त्या भाकरीबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.