काटा थांबेपर्यंत

प्रयोगशाळेतल्या तराजूचा काटा कधी एकदम थांबत नाही. काचेच्या पेटीत तो उजवीकडे जातो, मग डावीकडे. दर फेरीला जरासा कमी. त्या शनिवारी मी गंधकाचा खडा तोलत होते, आणि काटा अचानक भलतीकडेच गेला.

"दार लावा," मी मागे न बघता म्हणाले. "वाऱ्यानं काटा हलतोय."

"वारा न्हाय… मी आलोय."

मानसिंग वैराग गावचा. बोर्डिंगात राहायचा. गेल्या मार्चला मॅट्रिकच्या गणितात नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला होता. आमच्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, म्हणून शनिवारी दुपारी मला मुलांच्या हायस्कुलात येऊ देत. दाराशी नागव्वा शिपाईण बसलेली असे, तेव्हा बोलणं फक्त अभ्यासाचं. मी त्याला भूमिती समजावायची, तो मला रसायन.

वजन करताना तो पेटीशी नाक लावून बसे. श्वासानं काच धुरकट होई.

"काटा थांबायची वाट बघायची नसते," मी एकदा सांगितलं. "दोन्हीकडे कुठवर जातो ते बघायचं आणि मधला आकडा काढायचा."

"मग इतके दिवस मी नुसता बघतच बसलो की."

"काट्याकडे?"

"…काट्याकडंबी."

दाराशी नागव्वा खाकरली. मी चिमट्यानं वजन उचललं. ते हातून निसटलं.

घरी मात्र परीक्षेचाच घोर होता. बाबा गिरणीत हजेरी घ्यायचे, बोलणं मोजकं. परीक्षा एकदाच, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. पास झाले तर पुण्याला कॉलेज. नापास झाले तर नातेपुत्याचं स्थळ. कधी बसायचं ते मी ठरवायचं होतं. या मार्चला बसावं, तर माझं रसायन अजून अर्धं कच्चं. पुढच्या मार्चला बसावं, तर तयारी पुरी होईल. पण मानसिंग तोवर पुण्याला गेलेला असेल. हे शेवटचं कारण मी आईलासुद्धा सांगू शकत नव्हते. आमच्या शाळेची परीक्षेची नावंही मुलांच्या हायस्कुलातूनच जात; तिथल्या हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी "सांगते" एवढंच म्हणाले.

होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहू लागले तेव्हा त्यांनी निरोप धाडला. नावं आज जायची होती.

त्या दुपारी मी पारड्यात खडा ठेवून तीनदा परत उचलला. मानसिंगनं तो माझ्या हातातून घेतला. बोटं लागली, न लागली…

"भ्या वाटतंय?"

"नापास झाले तर सगळंच संपलं."

"मी झालो की. काय संपलं? पास झालो असतो तर आता पुण्यात असतो. मग हितं दार उघडं टाकायला कोण आलं असतं?"

मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. त्यानं खडा पारड्यात ठेवला. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "तुमी म्हणाल तर… मीबी औंदा बसत न्हाय. पुढच्या मार्चला दोघं बसू."

मी त्याच्याकडे बघितलं. वैरागला त्याच्या वडिलांनी एक वर्ष वाया गेलेलं सोसलं होतं. दुसरं सोसणार नव्हते, हे त्यानंच मला सांगितलेलं.

"आणि पुढच्या वर्षीही मला भीती वाटली तर?"

"तर आणिक थांबीन."

हे तो हसत म्हणाला नाही. माझ्या छातीत काहीतरी एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी मला नागव्वासारखं खाकरावंसं वाटलं. हा मुलगा माझ्यासाठी काचेला नाक लावून बसायला निघाला होता… जन्मभर.

"तुम्ही काही शिकला नाहीत," मी म्हणाले.

नागव्वा लगबगीनं उठली. "यव्वा, मोठे सर आले बघ."

हेडमास्तर दारात उभे राहिले. दार उघडंच होतं. वारा आत आला आणि पेटीतला काटा पुन्हा डोलू लागला. मानसिंगनं काटा थांबवणाऱ्या कळीकडे हात नेला. मी मान हलवून नको म्हटलं.

"विजयमाला," सर म्हणाले, "आता तिसऱ्यांदा विचारतो."

काटा उजवीकडे गेला. डावीकडे आला.

"माझं नाव घाला, सर. याच मार्चला. आणि मानसिंगचंही."