क्लेशांक एकसष्ट

विमा कंपनीचे परीक्षक सुहास खानझोडे डॉ. विशाखा टेंभुर्णे यांच्या धंतोलीतल्या मानसोपचार कक्षात आले, ते चहाला आधीच नाही म्हणत. खुर्चीवर बसताच त्यांनी मनाचा क्लेश आकड्यात मोजणारा मनोपट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला. तसा नियमच होता. तपासणीच्या आरंभी आणि शेवटी परीक्षकाचाही क्लेशांक नोंदवायचा. तो चाळीसच्या वर निघाला तर तपासणी रद्द, आणि दुसरा परीक्षक येईपर्यंत रुग्णाची जुनी मंजुरी चालू.

पडद्यावर चोवीस उमटले.

"यंत्र ठीक आहे," म्हणत त्यांनी पट्टा कमलिनी बोरकुटे यांना बांधला. बाई निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी नवरा वारला, तेव्हापासून दर मंगळवारी इथे यायच्या. एका तासाचे चार हजार रुपये पेन्शनमध्ये बसणे शक्यच नव्हते. विमा ते भरत होता, पण तपासणीत क्लेशांक चाळीसच्या वर असेपर्यंतच.

एकसष्ट.

"मागच्या तपासणीला एकोणसाठ होता," खानझोडे म्हणाले. "आणि दर मंगळवारच्या तुमच्या नोंदी? सत्तावीस, एकोणतीस, सव्वीस. एरवी ठणठणीत, मी आलो की आजारी! डॉक्टर, हे यांना शिकवलं कोणी?"

"पट्ट्याला फसवता येत नाही, हे तुमचीच कंपनी सांगते," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "तो नाडी, घाम आणि आवाजातला कंप मोजतो. पण दुःखाचा कंप कुठला आणि भीतीचा कुठला, हे त्याला कळत नाही. तराजूला कापूस आणि लोखंड सारखंच, तसं."

"भीती कशाची?"

"तुमची," बोरकुटेबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे. रोज सतराचा पाढा घडाघडा म्हणणारी पोरगी त्यांच्यापुढे सतरा दुणे विसरायची. साहेब शेरा मारून जायचे, पाढे कच्चे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. चुकायची नाही."

"म्हणजे सत्तावीस खरा? मग तुम्ही बऱ्या झालात, बाई. विमा बंद. आणि एकसष्ट खरा असेल, तर डॉक्टरांच्या नोंदी खोट्या. तरीही बंद."

"सत्तावीस या खुर्चीत येतो, साहेब. घरी पट्टा नाही. घरी मी अजून दोघांचा भात लावते."

'नोंदी संशयास्पद, मंजुरी रद्द करावी,' असे लिहून खानझोड्यांनी शेवटच्या नोंदीसाठी पट्टा पुन्हा स्वतःला बांधला. तेवढ्यात फोन थरथरला. कंपनीचा निरोप होता: 'या तिमाहीत आपण फारच थोडी प्रकरणे नाकारली आहेत. सोमवारी आपल्या कामाची पडताळणी.'

त्रेसष्ट.

त्यांनी पट्टा सोडला, रुमालाने पुसला, पुन्हा बांधला. चौसष्ट.

"पाणी प्या," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं थांबलात तर उतरेल."

"हो. परीक्षकाला दहा मिनिटांची मुभा आहे."

"आणि मला?" बाईंनी विचारले.

खानझोड्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुम्हाला नाही," ते अखेर म्हणाले. "हा आकडा नोंदवला, तर माझ्या जागी डोंगरे येईल. त्याची पडताळणी बुधवारी असते."

"मग त्याचा आकडा?" डॉक्टरांनी विचारले.

"वरच असणार. त्याच्यानंतर जो येईल त्याचीही पडताळणी असतेच. आमच्याकडे सुटलेला कोणी नाही."

दहातली दोनच मिनिटे झाली होती. त्यांनी चौसष्टवरच 'नोंद'चे बटण दाबले. पडद्यावर अक्षरे आली: 'परीक्षक अस्वस्थ. तपासणी रद्द. पूर्वीची मंजुरी चालू.'

बोरकुटेबाई उठल्या आणि लहान मुलाचा अडकलेला बूट काढावा तशा त्यांच्या मनगटावरचा पट्टा सोडू लागल्या.

"सतरा दुणे किती, साहेब?"

"छत्तीस," खानझोडे चटकन म्हणाले. मग ओशाळून, "चौतीस."

"असू दे. उद्या पुन्हा विचारीन," बाई म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. "यांचाही चहा सांगा."

या वेळी ते नाही म्हणाले नाहीत.