खिळ्यावरचं ऊन

आधी ती खिडकी लावून घे. ऊन आत येतंय. हं, आता सांगते.

पासष्टची दिवाळी तोंडावर आली होती. कॉलेजला सुट्टी लागली तसा आईनं करंज्यांचा डबा हातात दिला आणि मामाकडे जाऊन यायला सांगितलं. नाथाजीमामाचं गाव म्हसवडच्या पुढे, उजाड माळावर. तिथल्या टेकाडावर एका हौशी संस्थानिकानं बांधलेली जुनी वेधशाळा आहे. मी बी.एस्सी.ला होते, मला ती बघायचीच होती. आईचा हेतू वेगळा. माझा थोरला भाऊ मानसिंग फौजेत. लढाई थांबून महिना झाला, तरी त्याचं पत्र नव्हतं. दादाच्या खिळ्यावर ऊन पडतं का, तेवढं डोळ्यांनी बघून ये, असं आई म्हणाली होती.

त्या वेधशाळेत बिनखिडक्यांची एक उंच खोली आहे. छताला बोराएवढं भोक. ऐन मध्यान्ही त्यातून सूर्याचा पुरीएवढा कवडसा जमिनीतल्या पितळी पट्टीवर पडतो. रोज थोडा सरकतो, हिवाळ्यात उत्तरेकडे जातो, मग परत फिरतो. गावातला, नाहीतर गावच्या लेकीचा मुलगा फौजेत निघाला की तो कवडसा तळहातावर घेतो. हात काढला की ऊन जिथं उतरेल, तिथं राखणदार खिळा ठोकतो. कवडसा फिरून त्या जागी आला आणि खिळा चमकला, तर माणूस सुखरूप. परतल्यावर तो खिळा त्यानंच उपटायचा.

मानसिंगदादा वीस फेब्रुवारीला गेला होता. कवडसा तिथं पुन्हा येणार तो बावीस ऑक्टोबरला, हे मी कागदावर गणित करून काढलं होतं. राखणदार केरबा बोटं मोजून तोच दिवस सांगत होता, याचाच मला जास्त राग आला.

टेकाड चढताना मामाची एकच टकळी चालली होती. आत बोलायचं नाही, शिंकायचं नाही, दुसऱ्याच्या खिळ्यावर हात धरायचा नाही. बाहेरची दगडी यंत्रं मला धड बघूही दिली नाहीत.

"आवं मामा, खिळा लोखंडाचा, ऊन सूर्याचं. दादाचा काय संबंध?"

"नसंल बी. पर तू हात घालू नगंस, अंजे."

आत गेलो आणि केरबानं दार ओढलं. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली थंड फरशी. डोळे सरावले तसे पट्टीच्या कडेचे खिळे दिसायला लागले. गंजलेले, कुणीही न उपटलेले. केरबा वाकून एकेकाचं नाव पुटपुटत होता, आणि मामा डोळे मिटून हात जोडून उभा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. फौजेच्या कचेरीला दोन ओळी लिहायला यांना महिनाभर सवड झाली नाही, आणि इथं लोखंडापुढे हात जोडतात.

सव्वाबाराला कवडसा पट्टीकडे सरकला. दादाच्या खिळ्याला तो शिवणार, तेवढ्यात मी पुढे झाले आणि हात आडवा धरला. म्हणणार होते, बघा, नुसता उजेड आहे.

खिळ्यावर ऊन पडलं नाही. पण ते माझ्या हातावरही पडलं नाही.

माझा तळहात काळोखात होता, गारठत चालला होता. कवडसा त्याच्या वर, चार बोटं उंचावर, हवेत अडला होता. कशावर तरी टेकला होता... त्यात रेषा होत्या. घट्टे होते. आणि मधोमध चंद्रकोरीसारखा डाग. गुऱ्हाळात काहिलीला हात लागून उठलेला. त्या डागावर मीच लहानपणी कोरफड लावली होती.

"दादा..."

तो हात हळूहळू मिटला. उजेड मुठीत गेला, आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

मामानं मला ओढत बाहेर काढलं. केरबा माझ्याकडे बघेना. पायरीवर बसून एवढंच म्हणाला, "त्याचं ऊन आडवलंस, पोरी."

घरी येऊन आईला सांगितलं, खिळा चमकला. तिनं माझ्या तोंडात करंजी घातली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तार आली. दादा महिनाभर इस्पितळात होता, सुधारत होता. बावीस तारखेला दुपारी सव्वाबाराला गेला. आईनं खिळ्याचं पुन्हा कधी विचारलं नाही. नुसती बघते माझ्याकडे.

याला तीन वर्षं झाली. परवा मामाचं पत्र आलं. दादाच्या खिळ्यापासून दोन हात उत्तरेला एक नवा खिळा आहे. गावातून यंदा कुणी फौजेत गेलेलं नाही. केरबा देवाची शपथ घेऊन सांगतो, त्यानं ठोकलेला नाही.

खिळा कुणाचा, ते मामानं लिहिलेलं नाही; पण पत्र माझ्या नावानं आहे, आणि सुतळीनं मोजून अंतर कळवलंय. गणित मी तीनदा केलं. तिथं कवडसा होता दहा नोव्हेंबरला. फिरून येतो तो एक फेब्रुवारीला.

आज एक तारीख. आता मध्यान्ह झाली असेल.

खिडकी तर तू घट्ट लावलीस. मग इकडे ये, आणि एवढंच सांग... माझ्या तळहाताच्या वर, चार बोटं उंचावर, तुला काही दिसतंय?