बिनआवाजाची वामकुक्षी

वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी पोटभर जेवून एखादा माणूस आडवा झाला आणि घोरला नाही, तर इंदूआत्याला संशय येणारच. त्यातून तो माणूस तिच्या भाचीचा होणारा नवरा, मग तर विचारूच नका.

सावद्याच्या भंगाळ्यांच्या, म्हणजे मुलाच्या घरी त्या दुपारी ‘वामकुक्षी’ चालली होती. आता हा काय नवीन प्रकार, म्हणाल. पूर्वी मुलगा बघायला गेलं की पोहे खायचे, पगार विचारायचा आणि घर न्याहाळायचं, एवढंच असे. पण घोरण्यावरून आधी खोल्या वेगळ्या, मग घरं वेगळी आणि शेवटी कोर्टात काडीमोड, असं व्हायला लागलं तेव्हा शहाण्या आयांनी बघण्याच्या कार्यक्रमात ही रीत घुसवली. जेवण झालं की मुलाने पाहुण्यांच्या देखत डाव्या कुशीवर झोपायचं आणि मुलीकडच्या एका वडीलधाऱ्या बाईने उशाशी बसून ऐकायचं. पंखा बंद, टीव्ही बंद, तोंडं बंद. मुलीलाही अशीच परीक्षा द्यावी लागे. केतकी मागच्याच आठवड्यात ती देऊन पास झाली होती.

“आत्या, हे स्थळ मोडू नकोस हं,” गाडीतून उतरतानाच केतकीने बजावलं होतं. “मला आवडलाय तो.”

“मी कशाला मोडू? मोडायचं असेल तर ते आपोआप मोडतं,” आत्या म्हणाली होती. आधीची स्थळं आत्यानेच मोडली होती, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. एकाच्या दातांवरून, एकाच्या काकांवरून.

मुलात तसं नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. यशोधन केळी पिकवण्याच्या शीतगृहावर मॅनेजर होता. दिवसभर गारठ्यातून उन्हात आणि उन्हातून गारठ्यात. हसरा, वाढताना आग्रह करणारा. फक्त आत्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. जेवताना तो मध्येच थांबून तोंडाने श्वास घेत होता. घास तोंडात असला की त्याला दम लागत होता, आणि बोलणं सर्दी झाल्यासारखं चोंदलेलं येत होतं.

“नाक चोंदतं का रे नेहमी?” तिने विचारलं होतं.

“हो ना. लहानपणी क्रिकेटचा चेंडू बसला होता, तेव्हापासून. थेंब टाकले की मोकळं होतं.”

“किती वर्षं टाकतोयस थेंब?”

तो नुसता हसला होता. त्याची आई रजनीताई घाईघाईने म्हणाली होती, “बट्टीवर तूप घ्या की हो इंदूताई!”

आता यशोधन दिवाणावर डाव्या कुशीवर झोपला होता. पाठीला लोड लावून दिला होता, म्हणजे कूस बदलायला नको. रजनीताई दाराशी बसल्या होत्या, केतकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आत्या कान टवकारून बसली होती, पण ऐकायला काही नव्हतंच. घरघर नाही, शिट्टी नाही, साधी फुसफुससुद्धा नाही.

पहिला संशय आला तो असा, की हा झोपलेलाच नाही. आत्याने त्याच्या तळपायाला हळूच नख लावलं. हालचाल नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, “केतकी, त्या जळगावच्या डॉक्टर मुलाचा फोन आला होता बरं का, तो अजून तयार आहे!” केतकीचा चेहरा लालभडक झाला. यशोधनची पापणीही हलली नाही. म्हणजे झोप खरी होती.

मग दुसरा संशय. आत्याने ‘माझी पाठ दुखतेय हो’ म्हणत त्याच्या पाठीचा लोड ओढून आपल्या पाठीशी घेतला. यशोधन सरळ उताणा पडला आणि त्याचं तोंड उघडलं. आत्याच्या यजमानांनी कित्येक वर्षं असं उताणं झोपून गल्ली जागवली होती. उताणं झालं की जीभ मागे पडते, टाळूचा मऊ भाग सैल होऊन फडफडतो आणि घोरणं दुप्पट होतं, हे आत्याला कुणी शिकवायला नको होतं. पण हा गडी उताणा पडूनही गप्पच.

“रजनीताई,” आत्या म्हणाली, “मौनी तर नाही ना बसवली?”

मौनी कुणाला ठाऊक नव्हती! तांदळाच्या दाण्याएवढी, फोनवरून चालू-बंद होणारी यंत्रकणी, टाळूच्या कातडीखाली सरकवून द्यायची. टाळू थरथरली की ती तितकीच उलटी थरथर करते, आणि आवाजावर उलटा आवाज पडून दोन्ही मिटतात. चौकाचौकात मौनीची दुकानं झाली होती. नाक बघायचं नाही, घसा बघायचा नाही, खुर्चीत बसवून टोचलं की झालं. मंगल कार्यालयात जेवणानंतर सगळे वऱ्हाडी गाढ झोपलेले असत आणि माशीची गुणगुण ऐकू येई. लग्नाच्या बाजारात मात्र ती लपवाछपवी समजत, म्हणून आधी विचारून घ्यायची पद्धत होती.

“छे हो!” रजनीताई म्हणाल्या. “त्याला कशाला लागतेय मौनी? आमच्याकडे कुणी घोरतच नाही.”

‘कुणी घोरतच नाही’ म्हणाल्या, तिथेच आत्याच्या डोक्यात घंटा वाजली. जगात असं घर आहे का कुठे?

ती वाकून नीट बघायला लागली. पोट वर येत होतं तेव्हा छाती आत जात होती, आणि छाती वर आली की पोट आत. दोघांचं भांडण असावं तसं. गळ्याच्या खळगीत कातडी ओढली जात होती. कपाळावर घाम होता, आणि तोही पंखा बंद आहे म्हणून आलेला नव्हता. तो पाण्यात बुचकळून काढल्यासारखा, केसांच्या मुळांशी दाटलेला होता.

“केतकी, फ्रीजमधल्या श्रीखंडातला चमचा धुऊन आण. पटकन पुसून दे, गारच हवा मला.”

तो गार चमचा आत्याने यशोधनच्या नाकाखाली धरला. उजव्या बाजूला पुसटशी वाफ धरली. डावीकडे चमचा चकचकीत कोरडाच. “बघ,” ती केतकीला म्हणाली, “डावी नाकपुडी बंदच आहे. चेंडू बसला तेव्हा मधला पडदा वाकलाय. वरून इतकी वर्षं थेंब टाकून टाकून आतलं मांस सुजवून ठेवलंय याने.” तिने चमचा पुसून पुन्हा धरला, तोंडासकट झाकेल असा. या वेळी कुठेच वाफ आली नाही.

छाती मात्र जोर करत होती.

“आत्या?” केतकी उठून जवळ आली. “हा श्वास घेत नाहीये का?”

“घेतोय गं, पण आत जात नाहीये.” आत्याने चमचा खाली ठेवला. तिचा संशयाचा सगळा उत्साह एका क्षणात उतरला आणि तिला साधी भीती वाटली. ओठांचा रंग बदलत होता. तेवढ्यात यशोधनचं सगळं अंग गचकलं, खांदे उचलले गेले, मान ताणली गेली, तोंड मासोळीसारखं उघडलं आणि हवा आत गेली. आणि एवढ्या सगळ्याचा आवाज काही नाही. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तसं. केतकीने तोंडावर हात दाबून धरला.

“मौनी बंद करा, रजनीताई.”

“अहो, पण मी सांगितलं ना...”

“बंद करा म्हणते ना मी! नाहीतर आत्ता बोट घालून उपटून काढीन.”

रजनीताईंनी कमरेचा फोन काढला. त्यांचे डोळे भरले होते. “स्थळं परत जात होती हो. मुलगा लाखात एक आहे माझा, आणि लोक घोरण्यावरून नाकं मुरडतात. मग काय करायचं होतं मी? दुकानवाला म्हणाला, घोरणं पूर्ण बरं होतं.” त्यांनी बोट फिरवलं.

आणि घर दणाणलं. खरखर, गुरगुर, करवतीने लाकूड कापावं तसा आवाज. केतकीने कान झाकले. मग तो आवाज एकदम तुटला. तिघीही बायका थांबल्या. आता येईल, आता येईल म्हणत थांबल्या. आवाज येईना. रजनीताई उठून उभ्या राहिल्या. शेवटी एक भयंकर फुत्कार होऊन श्वास सुटला, तेव्हा केतकीनेच पुढे होऊन यशोधनला गदागदा हलवलं.

तो धडपडून उठला. “काय झालं? घोरलो का मी?”

“घोरलास,” केतकी म्हणाली. “मला आवडलं ते. त्याच्या आधी जे चाललं होतं ते नाही आवडलं.”

आत्याने त्याला सगळं सांगितलं. श्वास थांबतो, मेंदू घाबरून अर्धवट जागं करतो, पुन्हा झोप, पुन्हा थांबतो. म्हणून सकाळी डोकं जड असतं, म्हणून शीतगृहात दुपारी डुलक्या येतात. तो मान डोलावत होता, सगळं जुळत होतं. “आमच्या यजमानांचा नाकाचा पडदा सरळ केला,” आत्या म्हणाली, “आणि झोपताना हवेच्या दाबाचा मुखवटा लावायचे ते. शोभत नव्हता अजिबात. पण सकाळी उठायचे! नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे उद्या जायचं, दुकानात नाही. ती मौनी आवाज मारते रे, आजार नाही मारत.”

“आणि लग्न?” यशोधनने केतकीकडे बघत विचारलं.

“आधी श्वास घे नीट,” ती म्हणाली. “मुखवटा लावून झोपलास तरी चालेल मला. लपवलंस तर नाही चालणार.”

आत्याने पदराने तोंड पुसलं. या स्थळात मोडण्यासारखं खोटं सापडलं होतं, आणि तरी तिला ते मोडावंसं वाटेना. ती स्वतःवरच चिडली होती. आपण लबाडी शोधायला आलो होतो, हे असलं नाही.

रजनीताई मात्र अजून दिवाणाजवळ तशाच उभ्या होत्या, फोन हातात धरून.

“तो आवाज,” त्या म्हणाल्या. “तो यांचाच होता. हुबेहूब. याच्या वडिलांचा.”

“बसा हो तुम्ही,” आत्या म्हणाली.

“यांना मौनी मीच बसवून दिली होती. गावात नवीनच आली होती तेव्हा. सगळ्यांना पेढे वाटले मी, म्हटलं सुटले एकदाची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सलग झोपायला लागले. आणि त्याच महिन्यात एका सकाळी चहा घेऊन हाक मारली, तर हे थंड. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. मी म्हटलं, शांत मरण आलं.” त्यांनी आत्याचा दंड घट्ट धरला. “इंदूताई, मी शेजारीच होते हो. आवाज आला असता, तर मला जाग आली असती ना?”